मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी इमारती स्वतः बनवायच्या आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूळ टाकून झाले, वायरिंग झालं, गाडी न अडखळता फिरायला लागली की पुढचा प्रश्न हमखास येतो, आता स्टेशनचं काय, मालधक्क्याचं काय, इंजिन शेडचं काय. तिथून पुढे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केलेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण मापांचा भाग सोडू नका, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

स्क्रॅच बिल्डिंग म्हणजे नक्की काय? किटपेक्षा वेगळं काय?

किटमध्ये भिंती, खिडक्या, छप्पर सगळं कापून आलेलं असतं, तुम्ही जोडता आणि रंगवता. दोन-तीन किटांचे तुकडे कापून त्यातून वेगळीच इमारत उभी केली तर ते किटबॅशिंग. आणि साधी शीट, पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या घेऊन मापं काढण्यापासून सगळं स्वतः केलं तर ते स्क्रॅच बिल्डिंग. तयार खिडक्या-दरवाजे विकत घेऊन लावले तर चालतं का, हे लगेच विचारलं जातं. स्वतःच्या लेआउटवर काहीही चालतं हो, स्पर्धेत किंवा एखाद्या संस्थेच्या मूल्यमापनात उतरायचं असेल तरच तिथले नियम बघा. अमेरिकेतली एनएमआरए (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन) ही संस्था १९३५ पासून आहे, तिच्या इमारतींसाठीच्या प्रमाणपत्राला १२ इमारती लागतात, त्यातल्या किमान ६ स्क्रॅचने बनवलेल्या हव्यात आणि एक तरी पूल असायलाच हवा.

इतकी किट मिळतात, मग हा खटाटोप कशाला?

कारण किट कुठल्याच एका जागेसाठी बनवलेलं नसतं. तुमच्या लेआउटवर सायडिंग (मुख्य रुळाला फुटलेला बाजूचा रूळ) जिथे वळतं तिथे उरलेली जागा तिरकी असते, एका टोकाला १२ सेमी आणि दुसऱ्या टोकाला ५ सेमी, आणि खऱ्या रेल्वेच्या आवारातही असंच असतं, म्हणून तिथली गोदामं रुळाच्या वळणाप्रमाणे तिरकी बांधलेली दिसतात. चौकोनी किट अशा जागी ठेवलं की ते ठेवल्यासारखंच दिसतं. त्या तिरक्या तुकड्यासाठी मुद्दाम बनवलेलं गोदाम मात्र तिथलंच वाटतं, भले त्याच्या खिडक्या थोड्या जाडजूड का असेनात. मला विचाराल तर स्क्रॅच बिल्डिंगचं सगळ्यात मोठं कारण हेच, पैसे वाचवणं किंवा कौशल्य दाखवणं हे नंतरचं.

दुसरं म्हणजे बघायची सवय लागते. पन्हाळीचा पाइप भिंतीला कुठे कुठे पकडलेला असतो, पायरीचा दगड कुठे झिजतो, जोत्याच्या वर ओल किती चढते, हे माहीत असल्याशिवाय बनवता येत नाही, आणि एकदा बघायला लागलात की प्रत्येक जुनी इमारत काहीतरी शिकवते.

स्केलचं गणित कसं करायचं?

खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्केलच्या आकड्याने भागा, बास. एचओ म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढं), ओओ म्हणजे १:७६, एन म्हणजे १:१६० (ब्रिटिश एन १:१४८, जपानी बहुतेक १:१५०), झेड १:२२०. ओ स्केल अमेरिकेत १:४८, ब्रिटनमध्ये १:४३.५, युरोपात बहुतेक १:४५, तेव्हा ओ म्हटलं की कुठलं ओ ते आधी विचारा.

२ मीटर उंचीचा दरवाजा एचओमध्ये २३ मिमी, ओओमध्ये २६ मिमी, एनमध्ये १२.५ मिमी येतो. हा दरवाजा डोक्यात ठेवा, कारण इमारत मोठी वाटते की छोटी हे डोळा दरवाजावरूनच ठरवतो. एचओ आणि ओओच्या रुळांमधलं अंतर एकच, १६.५ मिमी, म्हणून इमारतीही एकमेकांत चालतील असं धरून लोक घोळ करतात. ओओची इमारत एचओपेक्षा साधारण १४ टक्के मोठी असते, एकट्याने उभी असेल तर कळत नाही पण एचओच्या माणसाशेजारी दरवाजा लगेच खटकतो.

दुसऱ्या स्केलचा प्लॅन मिळाला तर कॉपी मशीनवर टक्के टाकायचे: एचओचा एन करायला ५४ टक्के, एनचा एचओ करायला १८४ टक्के.

प्लॅन नाही, फक्त इमारत आहे किंवा फोटो आहे. मापं कुठून आणायची?

इमारत उभी असेल आणि तिथे जायची परवानगी असेल तर एक काठी घ्या, तिच्यावर १०-१० सेमीचे काळे-पांढरे पट्टे रंगवा आणि ती भिंतीला टेकवून फोटो काढा. फोटो भिंतीच्या बरोबर समोर उभं राहून, शक्य तितकं लांब जाऊन आणि झूम करून घ्यायचा, जवळून घेतला की वरचा भाग निमुळता येतो आणि मग सगळी मापं फसतात. चारही बाजू, कोपरे, छप्पर भिंतीला मिळतं ती जागा, दाराची चौकट, हे सगळं जवळूनही घ्या. जास्त फोटो झाले असं कधी होत नाही, घरी आल्यावर नेमका मागच्या भिंतीचा फोटो नसतो. आणि रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय मापं घ्यायला जाऊ नका, चालू रुळाजवळ तर नाहीच नाही.

फक्त जुना फोटो असेल तर त्यात माहीत असलेली वस्तू शोधा. विटा सगळ्यात भरवशाच्या. ब्रिटिश मापाची वीट ६५ मिमी उंच, वर १० मिमीची दरज (दोन विटांमधला सांधा), म्हणजे एक थर ७५ मिमी आणि चार थर ३०० मिमी. जोत्यापासून पन्हाळीपर्यंत थर मोजले की उंची हातात आली. इतर देशांत विटेचं माप वेगळं असतं, त्यामुळे इमारत कुठली आहे ते आधी बघून घ्या. विटा नसतील तर दरवाजा, रुळांमधलं अंतर (स्टँडर्ड गेज १४३५ मिमी), फोटोत उभा असलेला माणूस, शेजारी उभा डबा, ज्याची मापं प्रसिद्ध असतात, यातलं काहीतरी सापडतंच. फक्त ती वस्तू भिंतीच्याच अंतरावर हवी, पुढे उभ्या माणसावरून मागची भिंत मोजली की भिंत बुटकी येते.

इमारत पूर्ण मापात लेआउटवर मावतच नाही, काय करू?

६० मीटरचा मालधक्का एचओमध्ये जवळजवळ ६९ सेमी होतो, बहुतेकांकडे एवढी जागा नसते. सगळंच एका टक्क्याने लहान करू नका, दरवाजे-खिडक्या लहान झाल्या की इमारत बाहुलीघरासारखी दिसते. त्याऐवजी कमानी कमी करा. मूळ इमारतीत १० कमानी असतील तर ६ ठेवा, पण प्रत्येक कमान, दरवाजा, खिडकी पूर्ण मापाची. शक्यतो मधलेच गाळे गाळा, टोकं तशीच ठेवा, कारण ओळख टोकांवरून पटते. रुंदीतही थोडं कापता येतं, उंचीत शक्यतो नाही.

मागच्या भिंतीला लागून असलेली इमारत असेल तर पूर्ण खोलीची बनवायचं कारणच नाही, पुढचा २-३ सेमीचा भाग पुरतो. अगदी मागे, रुळांपासून लांब, एचओच्या लेआउटवर एनच्या मापाची घरं ठेवली तर ती दूर असल्यासारखी वाटतात, पण मग त्यांच्याजवळ एचओची माणसं किंवा गाड्या आणू नका.

आणि कापायच्या आधी साध्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा कच्चा नमुना करून जागेवर ठेवा, खिडक्या पेनने काढल्या तरी चालतील, काही दिवस तसाच राहू द्या आणि गाड्या चालवून बघा. स्टेशन रुळांची चाल झाकतंय का, हात पोचतोय का, हे कागदावर कधीच कळत नाही.

कुठलं मटेरियल घेऊ?

स्टायरिन शीट (पातळ, कडक प्लास्टिक) घेऊन सुरुवात करा असं मी सांगेन. पूर्ण आरपार कापावं लागत नाही, ब्लेडने दोन-तीनदा हलकी रेघ मारायची आणि वाकवली की सरळ तुटते. जोडायला लिक्विड सिमेंट, ते खरं तर गोंद नसून द्रावक असतं, प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. सांधा आधी कोरडाच जुळवून धरायचा आणि ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, द्रव आपोआप फटीत ओढला जातो. खिडकी उघडी ठेवून काम करा, त्या वाफा चांगल्या नाहीत, आणि आग जवळ नको.

जाडी महत्त्वाची आहे. खरी विटांची भिंत साधारण २३० मिमी जाड असेल तर एचओमध्ये ती २.६ मिमी होते, म्हणून १ मिमीची एकच शीट उघड्या दरवाज्यापाशी कागदी दिसते. बाहेरून १ मिमी आणि आतून १.५ मिमी अशा दोन शीट लावा, खिडकीची चौकट बाहेरच्या शीटच्या मागे बसवली की ती आपोआप योग्य खोल दिसते.

पुठ्ठा कमी समजू नका. इंग्लंडमध्ये लाँग विटनहॅम इथे पेंडन म्युझियम आहे, रॉय इंग्लंड यांनी उभं केलेलं, तिथली खेड्यातली घरं १:७६ मध्ये मुख्यतः पुठ्ठ्याचीच आहेत आणि जगभरातले लोक ती बघायला जातात. पुठ्ठ्याला फक्त ओलाव्यापासून जपायचं, दोन्ही बाजूंना शेलॅक किंवा वॉर्निश द्यायचं आणि आतून पट्ट्यांचा आधार द्यायचा. पांढरा गोंद पातळ लावा, जास्त पाण्याने पुठ्ठा फुगतो.

लाकडी इमारत लाकडाचीच छान होते, पण बाल्सा नको, त्याचे रेषे मोठे आणि मऊ असतात, एचओमध्ये फळीवर खोल चर पडल्यासारखे दिसतात. बासवुड बारीक रेषांचं असतं, कडा स्वच्छ राहतात. फोमची शीट दगडी भिंतीसाठी मस्त, पेनने दाबून दगड उमटवता येतात, फक्त तिच्यावर लिक्विड सिमेंट किंवा स्प्रेचा रंग गेला की ती विरघळते.

हत्यारं काय काय लागतात?

चांगला कटर आणि भरपूर ब्लेड, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, कटिंग मॅट, चिमटा, लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवलेला पॉलिश पेपर, दोन बारीक कानशी. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला, बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि तेव्हाच ते घसरून बोटावर येतं.

खिडक्या कशा करायच्या? इथेच सगळं अडतं.

अडतं खरं. आधी भिंतीतली भोकं: चारही कोपऱ्यांत छोटं छिद्र पाडा, मग कोपऱ्यापासून मध्याकडे कापत या, म्हणजे रेघ कोपऱ्याच्या पुढे जात नाही. भोक थोडं लहानच कापा आणि कानशीने मापाला आणा. एका ओळीतल्या सगळ्या खिडक्यांच्या वरच्या आणि खालच्या रेघा एकाच वेळी पट्टी न हलवता मारा, एखादी खिडकी अर्धा मिलिमीटर वरखाली झाली की पूर्ण भिंत वाकडी वाटते.

तावदानांच्या मधल्या पट्ट्या एचओमध्ये अर्धा मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, ०.२५ मिमीच्या शीटमधून एक एक कापणं म्हणजे चिकाटीचं काम. सोपा मार्ग म्हणजे पारदर्शक शीटवर रेघा मारणं, ड्राफ्टिंगच्या रूलिंग पेनमध्ये पातळ केलेला पांढरा रंग भरून, किंवा शीटवर टोकदार सुईने कोरून त्या चरात रंग भरून जास्तीचा पुसून टाकायचा. बाहेरची जाड चौकट मात्र खऱ्या पट्टीची लावा, त्या दोन पातळ्या असल्या की डोळा बाकीचं मान्य करतो.

काचेसाठीची पारदर्शक शीट सुपरग्लूने कधीही चिकटवू नका, त्याच्या वाफेने ती पांढरी धुरकट होते आणि ते निघत नाही. पांढरा गोंद कडेला थेंबभर पुरतो. आणि काच नेहमी रंगकाम झाल्यावर, शेवटी.

भिंती काही दिवसांनी वाकल्या, असं का होतं?

स्टायरिनच्या दोन शीट एकमेकींवर पूर्ण चिकटवल्या तर मध्ये द्रावक अडकतं, त्याला बाहेर पडायला जागा नसते आणि ते हळूहळू प्लास्टिक मऊ करत राहतं. आतल्या शीटला आधीच बरीच छिद्रं पाडून ठेवा आणि सिमेंट कमी वापरा. आतून दर ५-६ सेमीवर आडव्या-उभ्या पट्ट्या काटकोनात उभ्या लावा, मोठ्या इमारतीला मध्ये एक आडवी भिंत घाला. पुठ्ठ्याचं कारण वेगळं, एकाच बाजूला रंग दिला की ती बाजू ओढली जाते, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात द्या.

कोपऱ्यावर विटांचे थर जुळत नाहीत.

विटा उमटवलेली शीट वापरत असाल तर दोन्ही भिंतींची खालची कड एकाच थरावर कापा, आणि कोपऱ्याच्या कडा ४५ अंशांत घासून जोडा. कोपऱ्यावर जी रेघ दिसते तिथे दरजांच्या जागी कानशीच्या धारेने बारीक खाचा करा, थर एका भिंतीवरून दुसरीवर वळल्यासारखे दिसतात. हे काम कंटाळवाणं आहे पण याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. खिडकीच्या वरही बघा, विटांच्या भिंतीत भोकाच्या वर कमान, दगड किंवा लिंटेल काहीतरी असतंच, नाहीतर वरच्या विटा कशावर टेकल्या?

छप्पर?

छपराला जास्त वेळ द्या, कारण लेआउट आपण वरून बघतो, खऱ्या इमारतीचं छप्पर जमिनीवरून जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट जास्त इथे दिसतं. स्लेटसाठी कागदाच्या पट्ट्या घ्या, खालच्या कडेला बारीक चिरा द्या आणि खालून वर एकावर एक चढवत, प्रत्येक ओळ अर्ध्या फरशीने सरकवून चिकटवा, अधूनमधून एखादी फरशी उचकटलेली किंवा तुटलेली. पन्हाळी पत्र्याची लाट खऱ्या पत्र्यात बहुतेक वेळा ७६ मिमीची असते, एचओमध्ये साधारण ०.९ मिमी. तेवढ्या लाटांच्या साच्यावर जाडसर अ‍ॅल्युमिनियम फॉइल दाबली की पत्रा तयार, पण तो अखंड लावू नका, खऱ्या पत्र्यांच्या मापाचे तुकडे करून एकमेकांवर चढवून लावा. छप्पर शक्यतो काढता येईल असं ठेवा.

रंग प्लास्टिकसारखा दिसतो, खरा दिसत नाही.

चकाकी आधी घालवा, मॅट रंग किंवा शेवटी मॅट वॉर्निश. मग रंगच फिके घ्या. डब्यातून काढलेला काळा छोट्या इमारतीवर फार काळा दिसतो, त्याऐवजी गडद राखाडी, आणि पांढऱ्याऐवजी किंचित मळकट.

विटांना आधी मूळ रंग, तो पूर्ण वाळला की पातळ केलेला फिका राखाडी-पिवळसर रंग सगळीकडे लावून लगेच कापडाने वरवर पुसायचा, दरजांमध्ये राहतो आणि विटेवरून निघतो. नंतर दहा-पंधरा टक्के विटा एकेक करून थोड्या वेगळ्या छटेत. जुनेपणासाठी खडूच्या कांडीची पूड मऊ ब्रशने चोळा, पण कुठे चोळायची ते विचार करून: पन्हाळ फुटते तिथे खाली ओघळ, इंजिन थांबतं तिथे वर काजळी, जोत्यापाशी मातीचे शिंतोडे. वॉर्निश मारलं की पूड बरीचशी नाहीशी होते हे धरूनच चोळा.

जॉन अ‍ॅलन या अमेरिकन मॉडेलरचा एचओ लेआउट अशा झिजलेल्या, मळलेल्या इमारतींमुळेच प्रसिद्ध झाला, जेव्हा बाकीचे लोक सगळं नवंकोरं ठेवायचे. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच आगीत लेआउटही गेला, फोटो मात्र राहिले, ते शोधून नक्की बघा.

आत दिवे लावायचे आहेत.

१२ व्होल्टवर एक वॉर्म व्हाइट एलईडी लावायचा तर १२ मधून त्याचे साधारण ३ व्होल्ट वजा, उरले ९, आणि ५ मिलिअँपिअर धरले तर १८०० ओहमचा रेझिस्टर. घराला तेवढा उजेड पुष्कळ होतो, जास्त दिला की आत फ्लडलाइट लावल्यासारखं होतं. भिंती आतून आधी काळ्या रंगवा आणि मग पांढऱ्या, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो आणि पूर्ण भिंत चमकते. सगळ्या खोल्या उजळू नका, काळ्या कागदाची खोकी करून दोन-तीन खिडक्यांपुरताच दिवा द्या.

३डी प्रिंटरने बनवलं तर ते स्क्रॅच बिल्डिंग होईल का?

दुसऱ्याची फाइल उतरवून छापली तर ते किटच. मापं तुम्ही काढली, मॉडेल तुम्ही काढलं, आणि ती खिडकी छापून घेतली तर माझ्या मते ते स्वतःचंच काम, कारण बघण्या-मोजण्याची मेहनत तुमची आहे. एकसारख्या ४० खिडक्या हाताने कापण्यापेक्षा रेझिन प्रिंटर कधीही बरा. भिंती मात्र मला अजून शीटच्याच आवडतात, सपाट आणि सरळ राहतात.

पहिली इमारत कुठली करू?

गँगमनची खोली. एक दार, एक खिडकी, साधं दोन पाख्यांचं छप्पर, एक धुराडं. एचओमध्ये तळहातावर मावते, आणि त्यात मोठ्या स्टेशनला लागणारं सगळं तंत्र येऊन जातं. सिग्नल केबिन सुरुवातीला टाळा, दिसते छोटी पण तीन बाजूंनी नुसत्या काचा असतात, आत लिव्हरसुद्धा दिसायला लागतात.

गाडी फलाटाला किंवा शेडच्या दाराला घासते.

रूळ सरळ असेल तर गेजने (गाडीभोवती किती मोकळी जागा हवी ते दाखवणाऱ्या मापपट्टीने) तपासता येतं, वळणावर मात्र तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात मोठं इंजिन हाताने ढकलून बघा. लांब डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला येतो आणि टोकं बाहेरच्या बाजूला जातात, म्हणून दोन्हीकडे जागा लागते. हे पुठ्ठ्याच्या नमुन्याच्या वेळीच करायचं, भिंत रंगवून झाल्यावर नाही.

इमारत जागेवर ठेवली की खाली फट दिसते, तरंगल्यासारखी वाटते.

भिंती जमिनीच्या पातळीच्या २-३ मिमी खाली जातील एवढ्या लांब ठेवा. इमारतीच्या तळाच्या आतल्या मापाची एक पातळ शीट बेसबोर्डवर (लेआउटच्या खालच्या फळीवर) पक्की चिकटवा, इमारत तिच्यावर टोपीसारखी बसवा आणि तिला प्लॅस्टिकची पातळ पिशवी गुंडाळून भोवती माती, खडी, गवत भिंतीपर्यंत आणून गोंदाने वाळू द्या. वाळल्यावर इमारत उचला, पिशवी काढा आणि परत ठेवा, फट राहत नाही आणि दिवा बदलायला किंवा रंग दुरुस्त करायला ती कधीही उचलता येते. दारासमोर मात्र पायरी आणि पायवाट विसरू नका, आणि पन्हाळीचा पाइप जिथे उतरतो तिथे गवत थोडं जास्त हिरवं ठेवा.